अकरा पावलं

हेल्दुर तिसऱ्या शनिवारी आला तेव्हा
मी सफरचंदाच्या कलमांना सुतळ्या बांधत होते.
टोपी काढून तो नेहमीच्या जागी उभा राहिला,
डावीकडे भूर्जांची रांग, उजवीकडे लिंडनची,
जणू थांब्यावर बस उभी करून
कोणी चढतंय का ते आरशात बघतोय.
बत्तीस वर्षं व्होरू ते तार्तू. सवय जात नाही.

मी पुन्हा सांगितलं, सगळ्यांना सांगते तेच:
भूर्ज उतावळा.
दहा वर्षांत छपराला शिवेल,
मुळं वरवर पसरून
गवताच्या तोंडचं पाणी पळवेल,
आणि साठीत थकेल, तुझ्या-माझ्यासारखा.
डिसेंबरात तीन वाजता अंधारतं तेव्हा
त्याचं पांढरं खोड अंगणात दिव्याचं काम करतं,
हे मात्र खरं.
छाटायचा तर भर उन्हाळ्यात.
वसंतात कात्री लावलीस तर रडतो,
आठवडेच्या आठवडे, कोणाला थांबवता येत नाही.

लिंडनला घाई नाही.
पहिली तीन वर्षं वाटेल, मेलाय.
तो खाली काम करत असतो.
बुंध्याशी पोरं फुटतात, ती खुडत राहायची.
जुलैत मधमाश्यांनी अख्खं झाड गुणगुणतं
आणि खाली लावलेल्या गाडीवर चिकट थेंब पडतात,
ती तक्रार घेऊन माझ्याकडे यायचं नाही.
रस्त्यावरचं मीठ सोसत नाही त्याला.
बाकी तो आपल्याला पुरून उरतो.

दोघांना एकच नियम:
खोड जिथे पसरायला लागतं
तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे.
खोल पुरलं म्हणजे प्रेम केलं असं नसतं.
आठवड्याला दोन बादल्या. काठीचा आधार एक वर्ष, मग काढायचा.

"खड्डा तयार आहे," हेल्दुर म्हणाला.
कोणी खणला?
"माइमूने. गेल्या सप्टेंबरात. ऑक्टोबरात ती…"
वाक्य त्याने हळूच कडेला घेतलं,
ब्रेक न करकचता.
"कशासाठी खणतेस ते विचारायचं राहिलं.
मी आत रेडिओ दुरुस्त करत होतो."

किती खोल?
"एक फावडं."
रुंद?
"तीन."
बाईला कळत होतं.
आणि भिंतीपासून?

त्याने डोळे मिटले,
माझ्या रोपवाटिकेत उभा राहून आपल्या अंगणात चालला,
ओठ हलत होते.
"अकरा पावलं. तिची."

भूर्जाला सहा-सात पुरली असती.
अकरा पावलं सोडणारी बाई
घाईतल्या झाडासाठी खणत नव्हती.
मी बोलले काहीच नाही,
फक्त लिंडनच्या कुंडीवर हात ठेवला.

तो भूर्ज घेऊन गेला.
शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला,
शेंडा खिडकीबाहेर,
आणि गाडी इतकी सावकाश नेली
की मागचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत राहिला.

पुढच्या एप्रिलात फोन:
"एक फांदी खिडकीला घासत होती, कापली.
आता टपटप गळतंय. चिंधी बांधू का?"
नको. पानं फुटली की आपसूक थांबतं.
"म्हणजे कधी?"
मेच्या मध्यावर. ऊन पडलं तर.
पण खिडकीला कशी घासली?
किती पावलांवर लावलास?
"तीन."
आणि तो खड्डा?
बराच वेळ फोनमध्ये केटलीचा आवाज.
"आहे. बर्फाचं पाणी साठलंय.
शेजाऱ्यांची बदकं येऊन बसतात.
बुजवलेला नाही."

त्या लिंडनला मी मोठ्या कुंडीत हलवलं.
गिऱ्हाईक विचारतात, मी विकलंय म्हणते.
बुंध्याला त्याच्या नावाची चिठ्ठी आहे,
पावसात अक्षरं जातात, मी परत लिहिते.
काल लिहिताना नाव राहूनच गेलं,
नुसतंच लिहिलं: अकरा.