बोस्त्यांवची बॅग

असोळण्यात मे महिना. पंखा नुसतं ऊन ढवळतोय
आणि शेजारचा बोस्त्यांव पलंगावर मांडतोय
लोकरी टोप्या, विंडचीटर, दोन जाड बनियन.
छत्री नाही.
"तिकडे ती उलटीच होते," एवढंच म्हणाला.

जूनमध्ये नॉर्वे. उन्हाळाच ना तो?
"हो. सकाळी एक उन्हाळा, दुपारी दुसरा."

एकतीस वर्षं बोटीच्या लाँड्रीत, पाण्याच्या पातळीखाली.
हवा त्याला कळायची ती वरून आलेल्या कपड्यांतून:
भिजलेले स्वेटर,
मग एकाएकी पोहायचे कपडे,
मग मोजे, मोजे, मोजे.

यंदा तिकीट काढून चाललाय.
नववा मजला, खिडकीची खोली.

लेकीनं दिलेला गॉगल
त्यानं सगळ्यात वर ठेवला,
काढला,
पुन्हा ठेवला.