चार वाजून दहा मिनिटं

कार्दलाच्या दवाखान्यात डॉक्टर कारेल
माझं काळीज टेबलावर उलगडतो.
हातभर कागदी पट्टी, गुलाबी चौकटींची,
वर डोंगर-दऱ्या, डोंगर-दऱ्या,
कंटाळलेल्या पोरानं वहीत गिरवाव्यात तशा.

चोवीस तास छातीला पाच तारा चिकटवून
कमरेला डबी लावून हिंडलो मी.
कुशीवर झोपायची चोरी, अंघोळीची चोरी.
सोबत एक वही: काय केलं, केव्हा, काय वाटलं.

एक लाख तीन हजार दोनशे अकरा ठोके, तो म्हणतो.
त्यातले चारशे चाळीस आगाऊ,
पाळी यायच्या आधीच रांगेत घुसलेले.
"निरुपद्रवी आहेत. आगाऊ ठोका पडतो, मग जरा थांबा,
मग पुढचा जोरात. तुम्हाला तो थांबाच जाणवतो.
काळजाचा ठोका चुकला म्हणतात ना?
चुकत नाही तो, हेल्दुर. घाई करतो."

हे मला कळतं.
एकोणीस हिवाळे मी समुद्रावरचा रस्ता राखला,
हेल्तरमापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत
नुसतं बर्फ.
करकरलं तर भिऊ नये,
करकरणारं बर्फ जागं असतं.
गाड्यांना नियम होता:
पंचविसाच्या खाली चालवा, नाहीतर चाळिसाच्या वर;
मधल्या वेगानं खालचं पाणी लाट धरतं
आणि लाट बर्फ फोडते.
पट्टा लावायचा नाही. दार झटकन उघडलं पाहिजे.

"आणि हे?"
पहाटे तीन सत्तेचाळीस. डोंगरानंतर सपाट रेघ,
दोन पूर्णांक दोन सेकंद.
माझी मुलगी मारेट खुर्चीत पुढे सरकते.
"गाढ झोपेत होतं असं. लक्ष ठेवू."
मी मनात मोजून पाहतो दोन सेकंद.
लांब आहेत.

रात्री नऊला वहीत लिहिलं होतं मी: धडधड. फार.
पट्टी म्हणते, नऊला काहीच नव्हतं,
शहाण्यासारखे बहात्तर.
मग ती धडधड कुठे झाली?
कारेल खांदे उडवतो, "तिथे माझी तार पोचत नाही."

मग त्याचं बोट थांबतं. चार वाजून दहा.
एकशे एकतीस, सलग अकरा मिनिटं.
वही म्हणते: चहा घेतला.
"चहा?" मारेट विचारते.
ताकाला जाऊन भांडं लपवावं,
तर भांडंच छातीवर बांधलेलं.

सांगावं लागलं.
गिरमिट घेऊन बर्फावर गेलो होतो, एकटा.
रस्ता सहा वर्षं उघडलेला नाही,
हिवाळे आता तोंड दाखवून परत जातात,
आणि मला पेन्शन लागलीय,
कुणी विचारत नाही किती साठलं.
तरी जायचं. दांडीवर छाती टेकून भोक पाडायचं,
मोजपट्टी सोडायची, वाचायची,
कुणाला न सांगता घरी यायचं.

मारेट काही बोलत नाही.
तिचं न बोलणं दोन सेकंदांहून लांब.

कारेल पेन उचलतो.
याचा बाप पावाची गाडी न्यायचा त्या रस्त्यानं,
दार किलकिलं ठेवून, एका हातानं सिगारेट ओढत.
"किती होतं?"
चौदा सेंटिमीटर.
"बावीस लागतं ना?"
बावीस.
तो समासात, एकशे एकतीसच्या शेजारी,
लिहून ठेवतो: चौदा.