ठिपका जरा दाबून

त्याच्या नावापुढे मी केलेली पहिली खूण
वाईडची.
चेस्टरफील्ड, मे महिना, पेन्सिल धरवेना अशी थंडी,
आणि खाणवस्तीतून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा,
बूट कुणाचे तरी, एक नंबर मोठे,
पुढे वर्तमानपत्राचे बोळे.
मीही वडिलांकडून नुकतीच वही घेतली होती.
दोघंही घाबरलेलो.
एन. ऑलरेनशॉ. नाव रकान्यात मावेना.

मग सतरा उन्हाळे.

उतारावरून, वारा पाठीशी घेऊन
दुसरे धावायचे. त्यांच्या नावांचे मथळे झाले.
नॉर्मनकडे चढ. नॉर्मनकडे समोरचा वारा.
कप्तान बदलले पाच,
चेंडू द्यायची तऱ्हा एकच:
न बघता, हात मागे करून,
घरच्या माणसाकडे मिठाची वाटी सरकवावी तसा.

तो धावत आला की खांदाच सांगायचा,
माझी पेन्सिल आधीच कागदावर टेकलेली.
टप्पा असा, की पुढे जावं की मागे
या विचारात फलंदाज म्हातारा व्हावा.
ठिपका. ठिपका. ठिपका.
सहा झाले की रेघ ओढून जोडायचे: निर्धाव.

कौंटीचा पगार एप्रिल ते सप्टेंबर.
ऑक्टोबरात तो आमच्याच गल्लीत कोळसा टाकायला यायचा.
पोतं खांद्यावरून उतरायचं
दर खेपेला त्याच फरशीवर.
आई म्हणायची, हा मुलगा सांडत नाही.

एकदा लीड्सहून बोलावणं आलं. देशाचं.
तेरावा. दोन दिवस टॉवेल आणि संत्र्याचं सरबत,
तिसऱ्या दिवशी पहाटेची गाडी, डर्बी,
एकतीस षटकं.
कुणी विचारलंच, तर म्हणायचा,
"जेवण बरं होतं."

बेनिफिटच्या वर्षी शनिवारभर पाऊस.
बादली फिरली: चौदा पौंड, एक बटण,
कुठल्याशा देशाचं भोकाचं नाणं.
नाणं त्यानं ठेवून घेतलं.

आणि हे सांगायचं राहिलंच,
की वहीत सुटलेल्या झेलाला चिन्ह नसतं.
स्लिपमध्ये बॅगशॉच्या तळव्यांतून निसटून
गवतावर पडला, तरी ठिपका.
साऱ्या मैदानानं आत घेतलेला श्वास
तसाच राहिला, तरी ठिपका.
वडिलांचा नियम: घडलं ते लिही, हुकलं ते नाही.

शेवटच्या सप्टेंबरात, समितीचं पत्र खिशात घेऊन,
तो पहिल्यांदाच आमचा लाकडी जिना चढून आला.
सतरा वर्षांत एकदाही वही मागितली नव्हती त्यानं.
"एसेक्सची मॅच आहे का? सातव्या वर्षीची?"
होती.
मधल्या पेरावर सुजलेलं बोट
रांगेवरून फिरलं, अडलं नाही कुठेच.
सगळे ठिपके सारखेच दिसतात.
मी काही बोलले नाही. पान उलटलं फक्त.

मागच्या बाजूनं, जिथे पेन्सिल
जरा जास्त दाबली होती मी,
तिथे कागद वर आला होता, मोहरीएवढा.
तिथेच नाही. आणखीही पानांवर.
त्यानं डोळे मिटून, बोटानं मोजले.
किती, ते मी सांगणार नाही.

मग म्हणाला, थर्मासमध्ये चहा उरलाय का.
होता. कोमट.
खाली रोलर फिरत होता.