तेहतीसपर्यंत बरोबर

चामड्याच्या पेटीत भात्याचा कॅमेरा होता,
फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली तीन भिंगं,
आणि मेण लावलेला एक दोरा, तीन गाठींचा.
यार्मिला वाल्हारोव्हा म्हणाल्या,
"विकायचाय. आधी चालतो का ते बघा."

ओलोमोउत्समध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
मी दुकानाचं दार लोटून घेतलं,
कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्मच्या जागी
ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला,
शटर उघडं ठेवलं.
समोर मेणबत्ती, पोलादी पट्टी. डोळ्याला लूप.

असल्या कॅमेऱ्यात डोकावून काही कळत नाही.
बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं.
लांबच्या डोंगराबद्दल दोघांचं एकमत असतं,
जवळ जावं तसतसे ते
निरनिराळं बोलू लागतात.
म्हणून दोरा. एक टोक भिंगाच्या कड्याला,
गाठ शेवाळाला टेकवायची,
दोरा सोडायचा, श्वास धरायचा, बटण.

दोन नंबरचं भिंग चढवलं, अंगठी अनंतावर फिरवली.
अनंत आलं पन्नास सेंटीमीटरवर,
माझ्या गार झालेल्या चहाशेजारी.
कागदावर ज्योत उलटी उभी राहिली, काजळीसकट.
तीन नंबर : तेहतीस.
दोऱ्याची पहिली गाठ नेमकी तिथंच.
शेवटची मात्र अठ्ठेचाळीसला.
आणि मधली,
एक्केचाळीस आणि वर सात मिलिमीटर,
तिला एकही भिंग ओळख देईना.

जेवण राहिलं. पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडत बसलो.
साडेनऊला सुटलं :
दोन नंबरचं भिंग, अंगठी अडीच मीटरवर,
एक भागिले दोन पूर्णांक चार,
एक्केचाळीस पूर्णांक सहासष्ट!
मी तर ओताकार वाल्हारसाठी
येसेनिकीच्या उतारावरचा एक ओढाही रचून टाकला,
ज्याच्या पलीकडच्या दगडाला
याहून जवळ जाताच येत नाही.

शनिवारी बाई आल्या.
मी कागद पुढे सरकवून सगळं समजावलं.
त्यांनी एकेक बोट सोडवत हातमोजे काढले,
माझं संपेपर्यंत थांबल्या.

"ती गाठ मित्स्काची.
मांजर हो. दोरा तोडला तिनं.
हे सिग्नलच्या ड्युटीवर होते. मी बांधला,
मेण चोळलं, ठेवून दिला."

म्हणजे दोन सेंटीमीटर गाठीत गेले.

"तो उन्हाळाभर ह्यांनी डोळ्यांना शिव्या घातल्या.
ब्रनोला जाऊन तपासून आले.
डॉक्टर म्हणाला, विशीतले डोळे आहेत.
आता सांगू, मग सांगू, करता करता
बर्फच पडायला लागलं."

पर्समधून त्यांनी सतरा फोटो काढले.
सतराही फोटोंत शेवाळ धुरकट,
ओल्या लोकरीसारखं.
आणि त्याच्या मागे, दोन सेंटीमीटरवर,
सालीचा तुकडा उचलून धरणारा एक अंगठा :
नखातली माती, कडेची सोललेली कातडी,
सुईनं टोचलेली बारीक जागा,
सगळं लख्ख.

पालटून बघितलं. पेन्सिलीनं
आधी शेवाळाचं लॅटिन नाव,
खाली, प्रत्येकावर,
पुन्हा घेणे.

"घेतले पुन्हा?"
"दुसऱ्या वर्षी. तोवर मी
नवा दोरा आणून ठेवला होता. ते चांगले आलेत.
ते संग्रहालयाला दिले."

मी नवा दोरा कापायला घेतला तेव्हा त्या नको म्हणाल्या.
गाठ सोडवू का विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं
की मी पावतीपुस्तक ओढलं.

लिहिलं : भाता ठीक. शटर जरा आळशी.
भिंगं तिन्ही स्वच्छ.
दोरा,
इथे थोडं थांबलो,
तेहतीसपर्यंत बरोबर.