डाव्या कुशीवर

पहिल्या आठवड्यात डॉक्टर मेकबिब एवढंच म्हणाले:
पोरीला डाव्या कुशीवर वळव, श्वास पूर्ण सोडू दे,
आणि स्टेथोस्कोपची घंटा छातीवर नुसती टेकव.
दाबू नकोस.
दाबलंस की कातडं ताणतं, आवाज निसटतो.

मी दाबत होते.
नऊ वर्षं डॉक्टरकी केली ती दाबूनच:
पोटं, गळवं, झोप, रडू.

ते ऐकायला मला अकरा दिवस लागले.
लप्, डप्, मग एक बारीक टक्,
कुणी हळूच कडी काढावी तसा,
आणि त्यामागून घरघर:
निलगिरीच्या मोळ्या भरलेला ट्रक
एन्तोतोचा चढ पहिल्या गिअरवर चढतोय
आणि आपण खिडक्या लावून घरात बसलोय.
मी मान वर केली.
"ऐकलंस," डॉक्टर म्हणाले. विचारलं नव्हतं.

पोरीचं नाव वुदे. वय चौदा. गोज्जामहून बसने दोन दिवस.
लहानपणी घसा दुखायचा, तिची आई सांगते,
सगळ्यांच्याच पोरांचा दुखतो.
मग गुडघे. मग कितीतरी वर्षं काहीच नाही.
मग एक दिवस पाण्याचा पिवळा कॅन
अर्ध्या चढावर खाली ठेवून ती बसली.
आता रात्रीसुद्धा बसूनच झोपते, भिंतीला टेकून.
त्या घशाला वेळेवर औषध मिळालं असतं, हे मी फाईलमध्ये लिहीत नाही.
फाईलमध्ये लिहिते: झडपेचं तोंड, शून्य पूर्णांक आठ.

फेलोशिपच्या अभ्यासक्रमात यादी हा विषय नाही,
पण यादी फेलोनेच ठेवायची.
फुगे आले सहा. नावं त्रेचाळीस.
कुणी मधाची बरणी आणतं, कुणी चिठ्ठी.
मध मी परत केला.
चिठ्ठी दोन दिवस खिशात राहिली.

वुदे सातवी होती.
सहावा शिफेराव, दोर्झेचा विणकर, वय एकोणीस.
चार वेळा फोन लावला. पाचव्यांदा एका बाईने उचलला,
माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं,
तारीख, उपाशीपोटी या, सोबत एक माणूस हवा,
आणि ठेवून दिला.
त्याच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नाही.
खालची ओळ वर घेतली.

मंगळवार, सकाळचे दोन.
आमचं घड्याळ सूर्य उगवल्यावर मोजायला लागतं;
अंकाराहून शिकवायला आलेले सर पहिल्या दिवशी
मध्यरात्री येऊन कुलपासमोर उभे होते.
आज मात्र वेळेवर.
सुई मांडीतून वर, दोन कप्प्यांमधल्या पडद्याशी.
टोचायची जागा नाण्याएवढी,
अलीकडे महाधमनी, पलीकडे मागची भिंत.
मेकबिब माझ्या मागे, हात पाठीशी बांधून.
सुई थबकली.
दाबू का?
"इथे," ते म्हणाले, "दाब."

फुगा पुढून फुगला, मग मागून,
मधली कंबर क्षणभर आवळलेलीच,
आणि मग सुटली.
काळजाचा ठोका चुकला तो माझा.
मॉनिटर तिला लावलेला होता.

संध्याकाळी तिला डाव्या कुशीवर वळवलं.
घंटा टेकवली. लप्, डप्. कडी अजून वाजत होती, पुसट.
ट्रक नव्हता.
अकरा दिवस घालवून जो ओळखायला शिकले
तो आवाज मी बराच वेळ शोधत राहिले,
वेड्यासारखी.
खिडकीखाली कुणीतरी कॉफी भाजत होतं.

"आता कुठल्या कुशीवर झोपू?" वुदेने विचारलं.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
तुला आवडेल त्या, मी म्हणाले.
तिने जरा विचार केला,
पाठीमागच्या उशा एकेक करून काढल्या
आणि उताणी झोपली. सपाट.

तीन उशा होत्या.
शेजारच्या खाटेवर यादीतली आठवी बसली होती.
तिने हात पुढे केला.