वीतभर

आचऱ्याहून नळ्या आल्या मासळीच्या बर्फातून,
एका झाकणावर तारलीचा खवला.
एक घाड्यांच्या पाडीची, नाकातला शेंबूड.
दुसरी मेस्त्र्यांच्या पोवळ्याची, फुप्फुस.
तो गेला.

मधे जांभ्याचा गडगा.
वीतभर सरकवला म्हणून
बावीस वर्षं बोलणं बंद.

रात्री डीएनए जेलमध्ये भरला, करंट सोडला.
पट्ट्या उतरल्या: एक, दोन,
जरा जागा सोडून तिसरी.
शेजारच्या ओळीतही तश्शाच.
वीत कसली, केसभर सरकलेली नाही.

जीवाणू एकच. वाणही.

फॉर्मवर रकाना होता: संसर्गाचा संभाव्य मार्ग.
गडग्याला भगदाड असेल कुठे,
किंवा उन्हं कलताना गुरं
मान लांबवून
एकमेकांची नाकं चाटत असतील.

मी लिहिलं: शेजार.
साहेबांनी खोडून केलं, थेट संपर्क.