शेवटची दोन अक्षरं

डर्बीशरमधल्या त्या चढावरच्या गल्लीत
ॲमॉस वाइल्डगूज दगडावर अक्षरं कोरतो.
दर अक्षराला साडेचार पौंड,
स्वल्पविराम फुकट.

एफी डॉक्सी आली मंगळवारी, ओल्या छत्रीसकट.
पिशवीच्या तळातून पावाचं वेष्टन काढलं,
त्यावर पेन्सिलीनं नवऱ्याचं नाव, दोन सालं
आणि खाली एकच शब्द:
एस, ओ, यू, जी, एच.

ॲमॉसनं चष्मा कपाळावर चढवला.
‘सफ? म्हणजे आपली मोरी?’
इकडे सफ म्हणजे डोंगराच्या पोटातली वाट,
शिशाच्या खाणीत साचलेलं पाणी
नदीकडे काढून देणारी.
कुणा कुणाच्या पणजोबांनी गुडघ्यांवर बसून
छिन्नीनं वीतवीत खोदलेली.
लायनेल डॉक्सीनं तेहेतीस वर्षं तिच्यातला गाळ उपसला
आणि रोज घरी येऊन
आधी कान धुतले, मग हात.

‘सूख,’ एफी म्हणाली.
ती गॅलोवेची, स्कॉटलंडच्या खालच्या काठावरची.
तिच्या ख ला घसा खरवडून यावं लागतं.
सूख म्हणजे वाऱ्याचा आवाज.
पाइनमधून जाताना तो करतो तो,
किंवा दाराखालच्या फटीतून,
किंवा गाढ झोपलेल्या माणसाच्या नाकातून.

मी कोपऱ्यात उभी होते, घराच्या पाटीचे पैसे द्यायला.
मला आपलं सुख ऐकू आलं.
ऊकार लांबलेला, तरीही.

एक्केचाळीस वर्षं भांडले दोघं या शब्दावरून.
चहावर, शब्दकोड्यावर,
एकदा तर भर लग्नात, तेही दुसऱ्यांच्या.
रेडिओवरचा दक्षिणेकडचा गृहस्थ ‘साउ’ म्हणाला
तेव्हा मात्र दोघांनी मिळून रेडिओ बंद केला.

खरं तर दोघांचेही शब्द वेगळे.
तिचा जुन्या स्वोगनपासून आलेला, गाजण्या-घुमण्यातून.
त्यातला व वाटेत कुठेतरी गळाला,
कुणी तक्रार नोंदवली नाही.
त्याचा म्हणे दलदलीतून, पण खात्रीनं सांगत कोणी नाही.
लिहिताना तेवढे ते एका घरात राहतात
आणि दार वाजलं की
निराळ्या आवाजात ‘कोण?’ विचारतात.

ॲमॉसनं कागदावर हिशेब मांडला.
‘बोलतो तसं लिहू? एस, यू, एफ, एफ.
साडेचार पौंड वाचतील.
त्या जी-एचचा तसा उपयोग काय?’
एफीनं छत्री या हातातून त्या हातात घेतली.
‘आणि मग वारा कुठून येणार?’

मग तिनं सांगितलं, त्याला की मला की छत्रीला, कळलं नाही.
एका जानेवारीत लायनेल तिला मोरीच्या तोंडाशी घेऊन गेला होता.
बाहेर सगळं गोठलेलं
आणि आतून येत होती ऊबदार हवा,
सावकाश, डोंगर झोपेत असल्यासारखी.
‘ऐक, सफ,’ तो म्हणाला.
‘ऐकतेय. सूख,’ ती म्हणाली.
दोघांपैकी कुणी माघार घेतली नाही.
पाय बधिर होईपर्यंत उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले,
पाटीतलं एक अक्षर तिरकं आलं होतं म्हणून.
ॲमॉस लायनेलच्या दगडावर वाकला होता.
एस झाला, ओ झाला, यू झाला.
हजार वर्षांपूर्वी या शेपटाला घशातला आवाज होता,
आता कुणी त्याचा फ करतं, कुणी काहीच नाही.
जीच्या आत पांढरी भुकटी साचलेली,
एचच्या दोन खांबांमध्येही.
ब्रश सापडेना.
त्यानं ओठ दगडाजवळ नेले
आणि फुंकर मारली,
हलकी, लांब,
एकदा जीवर, एकदा एचवर.

माझ्या पाटीबद्दल विचारायचं राहूनच गेलं.